शंकासुराच्या शंका

माझी जीभ म्हणजे कात्री आहे, असं आई मी आठ वर्षांची असल्यापासून सांगत आली. मला त्याचा अभिमान होता, हे आधीच कबूल करून टाकते. ऑफिसात कोणाला काय नाव ठेवायचं ते खातं माझ्याकडेच होतं. आमच्या साहेबांना प्रत्येक गोष्ट 'आत्ता' हवी असायची, म्हणून ते आत्तासाहेब. माझ्यासमोर बसणारी मुलगी आधी मान डोलवायची आणि मग काम काय आहे ते विचारायची, म्हणून ती होकारी. आणि आमच्यात सगळ्यात वयाने मोठे जे गृहस्थ होते, त्रेपन्न वर्षांचे, ते शंकासुर. हे शेवटचं नाव ठेवलं नसतं तर फार बरं झालं असतं. पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, दुसरं काय.

आमचं काम साधं होतं. औषधांच्या दुकानांना लेबलं छापून देणारा प्रोग्रॅम आम्ही चालवायचो. दुकानदाराने डॉक्टरांची चिठ्ठी बघून टाइप करायचं, की यंत्रातून चिकटपट्टी बाहेर येते: पेशंटचं नाव, पत्ता, औषध, किती घ्यायचं, कधी घ्यायचं. ती बाटलीवर चिकटवली की झालं. चारशेच्या वर दुकानांत आमची लेबलं निघायची आणि ते सांभाळायला आम्ही होतो सहा जण. आधी अकरा होतो. पाच जण गेले, त्यांचं काम मात्र कुठे गेलं नाही.

पद्धत अशी होती की कोणी प्रोग्रॅममध्ये काही बदल केला, तर तो दुसऱ्या कोणीतरी वाचायचा आणि खाली 'पाहिलं' असं लिहायचं. ते लिहिल्याशिवाय बदल दुकानांत जायचा नाही. पद्धत चांगलीच होती हो. पण आत्तासाहेबांनी भिंतीवर एक स्क्रीन टांगला. कोणाकडे कोणाचा बदल वाचायचा पडलाय ते त्यावर दिसायचं, आणि चार तास उलटले की वाचणाऱ्याचं नाव लाल व्हायचं. मग काय विचारता! 'पाहिलं' हा शब्द आम्ही शेजारणीला वाटीभर साखर द्यावी तसा एकमेकांना द्यायला लागलो. तू माझं पाहिलं म्हण, मी तुझं म्हणते. वाचायला वेळ कोणाला होता? दिवसभरात प्रत्येकाच्या डोक्यात पाच-सहा कामं अर्धवट उघडी असायची, त्यात सातवं कोण घुसवणार?

शंकासुर तेवढे वाचायचे. ओळ न् ओळ वाचायचे आणि मग खाली लिहायचे, "एक शंका आहे." एक म्हणून तीन विचारायचे. दुकान बारानंतर उघडं असेल तर तारीख कोणती छापणार? पेशंटचं नाव एकाच अक्षराचं असेल तर? माझ्या एका बदलावर त्यांनी सकाळी तीन शंका काढल्या, मी तिन्ही निस्तरल्या, दुपारी चौथी काढली. तेव्हा मी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हटलं, "अहो, तुम्ही माणूस आहात की शंकासुर?" असा हशा पिकला की आत्तासाहेबांच्या हातातली कॉफी सांडली. शंकासुरही हसले. कान लाल झाले होते त्यांचे, पण हसले. आठवड्याभरात नाव चिकटलं. कोणीतरी त्यांच्या टेबलावर दोन शिंगांचं चित्र काढून लावलं. त्यांनी ते काढलं नाही. खेळीमेळीचं वातावरण आहे आपल्याकडे, असं आत्तासाहेब वरच्या लोकांना कौतुकाने सांगायचे.

त्यानंतर त्यांच्या शंका कमी होत गेल्या. दिवसाला दहा होत्या त्या पाचवर आल्या, मग आठवड्याला एक, मग तीही नाही. इतरांसारखेच तेही दहा मिनिटांत 'पाहिलं' लिहायला लागले. मला कळलं का ते? कळलं, पण मला वाटलं, बरं झालं बाई, सुधारले. त्यांचं नाव लाल व्हायचं थांबलं. सगळा स्क्रीन हिरवागार.

एकदा डबा खाताना ते मला म्हणाले होते की या आधी चौदा महिने घरी बसून काढलेत, आता इथून गेलो तर या वयात परत कोणी विचारायचं नाही. ते तक्रारीच्या सुरात म्हणाले नव्हते. मी "असं काही होत नसतं हो" म्हणून विषय बदलला, कारण माझा फोन वाजत होता.

फोन सारखाच वाजायचा तेव्हा. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं आणि धाकटी बहीण हॉस्पिटलमधून दर अर्ध्या तासाला विचारायची, ताई, जुने रिपोर्ट कुठल्या पिशवीत आहेत. लेकीच्या कॉलेजच्या फॉर्मची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. नवरा फिरतीवर. हे सगळं सांगून मी सुटू बघत नाहीये. त्या दिवशी माझं डोकं कुठे होतं ते सांगतेय एवढंच.

त्या दिवशी म्हणजे मंगळवारी सकाळी तक्रार आली की नवी छपाईयंत्रं काही लेबलांवर अडून बसतात. पत्त्यात तिरकी रेघ आली की यंत्र ठप्प. घर नंबर बारा, मग तिरकी रेघ, मग चार, असे पत्ते असतात ना, ते. बावीस दुकानांत रांगा लागल्या होत्या. आत्तासाहेब माझ्या खुर्चीमागे उभे राहिले आणि म्हणाले, आत्ता हवंय. मी तेव्हा दुसऱ्याच एका कामात मानेपर्यंत बुडालेले. एका हाताने बहिणीला 'निळ्या पिशवीत बघ' लिहिलं आणि दुसऱ्या हाताने एक ओळ टाकली: छापायच्या आधी तिरकी रेघ दिसली की तिथे मोकळी जागा सोडायची. पत्त्यावर करून बघितलं. बारा, जागा, चार. सुंदर. शंकासुरांकडे पाठवलं. सहा मिनिटांत त्यांनी 'पाहिलं' लिहिलं. अर्ध्या तासात यंत्रं सुरू झाली आणि आत्तासाहेबांनी सगळ्यांदेखत माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

अकराव्या दिवशी एका औषधाच्या दुकानातल्या बाईंचा फोन आला. होकारीने घेतला आणि माझ्याकडे दिला, कारण लेबलं माझ्याकडे. बाई ओरडत नव्हत्या. अगदी हळू आवाजात बोलत होत्या, आणि त्यानेच मला धडकी भरली. त्यांच्याकडे येणाऱ्या एका म्हातारीला डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी अर्धी घ्यायला सांगितली होती. बाईंनी नेहमीसारखं एक, तिरकी रेघ, दोन असं टाइप केलं होतं. लेबलावर मधली रेघ नव्हती. मुलीने आईला वाचून दाखवलं, "रोज एक दोन." म्हातारीने रोज एक घेतली. बरं वाटेना, तेव्हा दोन घेतल्या. सातव्या दिवशी न्हाणीच्या उंबऱ्यात चक्कर येऊन पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि अजून शुद्धीवर नीट आलेली नाही.

मी फोन ठेवला. मी पत्त्याचा विचार केला होता. रेघ मात्र सगळ्या लेबलावरून काढली होती. अर्धी गोळी माझ्या डोक्यात आलीच नाही. देवाशप्पथ, आलीच नाही. तासाभरात मी ती ओळ काढून टाकली, दुकानांना कळवलं, त्या अकरा दिवसांत अर्धी गोळी असलेली लेबलं किती निघाली ते शोधलं. एकशे सत्तर. दुकानदारांनी घरोघरी फोन केले. बहुतेकांनी आपली नेहमीची गोळी म्हणून अर्धीच घेतली होती. ज्यांना ती नवी होती, धोका खरा त्यांनाच होता.

दुसऱ्या दिवशी मीटिंग. आत्तासाहेबांनी सुरुवातीलाच सांगितलं, आपल्याला माणूस शोधायचा नाही, कारण शोधायचंय. आणि पुढच्याच वाक्यात विचारलं, "हे पाहिलं कोणी होतं?"

शंकासुरांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. "मी," म्हणाले.

बदल कोणाचा होता ते सगळ्यांना ठाऊक होतं. टाळ्या सगळ्यांनीच वाजवल्या होत्या. पण एकाने तोंड उघडलं नाही, अळीमिळी गुपचिळी. आणि मी? मीही नाही. मी बोलणार होते. वाक्य तयार होतं तोंडात. तेवढ्यात आत्तासाहेब पुढच्या मुद्द्यावर गेले आणि मी मनात म्हटलं, नंतर एकटीने जाऊन सांगते, तेच बरं दिसेल. बरं दिसेल म्हणे! लाज वाटते आता लिहिताना.

गेले मी नंतर, अगदी त्याच दुपारी. आत्तासाहेबांना म्हटलं, ती ओळ माझी आहे, घाई माझी आहे, जे काय करायचं ते माझं करा. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, तुमचा प्रामाणिकपणा मला आवडला. पण नियम असा आहे की लिहिणारा चुकू शकतो, म्हणून तर पाहणारा ठेवलाय, आणि पाहणाऱ्याने पाहिलं नाही तर जबाबदारी त्याची. वरच्यांना शुक्रवारपर्यंत एक नाव हवंय. शिवाय तुम्हाला काढलं तर लेबलांचं कोण बघणार? त्यातलं दुसऱ्या कोणाला काही येत नाही.

ते खरं होतं. पाच माणसं गेल्यावर त्यांचं सगळं काम माझ्या डोक्यात कोंबलं होतं, म्हणून मी चुकले, आणि ते सगळं माझ्याच डोक्यात होतं म्हणून मी वाचले. मी वरच्यांना पत्र लिहिलं, चार परिच्छेदांचं. स्क्रीनबद्दल लिहिलं, सहा जणांबद्दल लिहिलं, माझ्याबद्दल लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं की आपल्या भावनांची नोंद घेण्यात आली आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी पुस्तकात वाचलं होतं. इथे चोर स्वतः ओरडून सांगत होता आणि कोणी हातसुद्धा धरत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी शंकासुरांनी टेबल आवरलं. होकारी रडली. बाकीचे एकदम फार कामात होते. मी जिन्यात त्यांना गाठलं. हातात एक पिशवी, त्यात डबा आणि चपला. माफी मागायला गेले होते, आणि तोंडातून निघालं काय, तर राग. म्हटलं, "अहो, तुम्ही तर पत्त्यातला स्वल्पविराम धरणारे! तुम्हाला ते दिसलं कसं नाही?"

ते दोन पायऱ्या खाली होते. तिथूनच म्हणाले, "दिसलं होतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"लिहायलाही घेतलं होतं," ते म्हणाले. "मग वाटलं, तुमच्या आईचं ऑपरेशन, मागे साहेब उभे. त्यात परत माझी शंका. आणि मी म्हटलं, एवढं तुम्हाला सुचलंच असेल."

मी कठडा धरला. त्यांनीच मला, आईला आता बरं आहे का, असं विचारलं. मी हो म्हटलं. ते खाली गेले.

त्यांचं काम माझ्याच गळ्यात पडलं, हे ओघानेच आलं. सोमवारी त्यांचं खातं मला उघडून मिळालं. बदल वाचायच्या त्या प्रोग्रॅमची एक खोड आहे. तुम्ही काही लिहिलं आणि पाठवलं नाही, तरी तो ते कच्चा मसुदा म्हणून जपून ठेवतो. लिहिणाऱ्याशिवाय कोणाला दिसत नाही. मी त्यांच्या नावाने आत शिरले आणि वर आकडा दिसला: न पाठवलेले मसुदे, अडतीस.

पहिला माझ्याच ओळीखालचा होता. "एक शंका आहे. तिरकी रेघ सगळीकडून गेली तर अर्धी गोळी कशी छापली जाईल?" मंगळवार, सकाळी अकरा वाजून चार मिनिटं. त्याच्या दोन मिनिटांनंतर 'पाहिलं'.

बाकीचे सदतीस मागे जात होते, महिन्यामागून महिना. सात महिने, म्हणजे मी ते नाव ठेवलं त्या आठवड्यापर्यंत. सुरुवातीचे मसुदे लांबलचक होते. "त्रास देतोय, क्षमस्व" असं लिहून मग विचारलेले. पुढे पुढे तोकडे होत गेलेले. माणूस आठवड्यामागून आठवडा काहीतरी बघत होता, लिहीत होता, आणि तिथेच सोडून देत होता. आम्ही पाच जण हाताच्या अंतरावर बसलो होतो. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, तोंड धुतलं, परत येऊन वाचायला बसले.

पंचवीस शंका निकालात निघालेल्या होत्या, कोणाला ना कोणाला नंतर ठेच लागून कळलेल्या. अकरा अजून तशाच पडून होत्या, आणि खऱ्या निघाल्या. मी यादी घेऊन आत्तासाहेबांकडे गेले. ते खरोखर खूश झाले. म्हणाले, हेच हवं होतं, यातून आपण शिकू. आणि आता प्रत्येक बदलावर एक तरी शंका काढणं सक्तीचं केलं. बैल गेला आणि झोपा केला. आता होकारी माझ्या प्रत्येक बदलाखाली लिहिते, "एक शंका आहे. सगळं तपासलंत ना?" मी लिहिते, हो. ती लिहिते, पाहिलं.

राहिला एक मसुदा. तो सहा महिन्यांपूर्वीचा, लहान मुलांच्या पातळ औषधाच्या हिशेबावरचा. वजन टाइप केलं की किती मिली द्यायचं ते आमचा प्रोग्रॅम सांगतो. त्या बदलाखाली त्यांनी लिहिलं होतं, "इथे गडबड आहे. बाळाचं वजन दहा किलोच्या खाली असेल आणि" आणि पुढे काही नाही. वाक्यच संपलेलं नाही. खाली, पाच मिनिटांनी, 'पाहिलं'.

मी तो भाग तीन दिवस वाचला. नऊ किलो घालून बघितलं, साडेआठ, सात, तीन. सगळं बरोबर येत होतं. आत्तासाहेबांना म्हटलं, हा भाग थोडे दिवस बंद ठेवू, दुकानदार हाताने हिशेब करतील. ते म्हणाले, अर्ध्या वाक्यावरून चारशे दुकानं बंद करू? काय चुकतंय ते दाखवा, आत्ता बंद करतो. दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. होकारीला बसवलं शेजारी. तिने मान डोलवली, आणि तिलाही काही दिसलं नाही. ते वाक्य ज्या डोळ्यांनी लिहिलं होतं तसे डोळे आमच्यात दुसऱ्या कोणाकडे नव्हते.

शेवटी मी त्यांना फोन लावला. चौथ्या खेपेला उचलला. मला वाटलं होतं, रागावतील, ठेवून देतील. ठेवला असता तरी चाललं असतं. पण ते नेहमीच्याच आवाजात बोलले. मी आधी त्या म्हातारीचं सांगितलं, की तिला घरी सोडलंय पण ती आता चालायची नाही. मग मी वाक्य वाचून दाखवलं, आधीच्या आणि नंतरच्या ओळी वाचून दाखवल्या. म्हणाले, परत वाचा. परत वाचलं. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, विचार करताना ते नाकाने जोरात श्वास घ्यायचे तसा.

"नाही आठवत," ते म्हणाले. "काहीतरी होतं खरं. अगदी स्पष्ट दिसलं होतं त्या दिवशी. लिहीत होतो, आणि मागे कोणीतरी हसलं, म्हणून हात थांबला."

कोण हसलं होतं, ते मी विचारलं नाही.

मी म्हटलं, आठवलं तर कधीही फोन करा, अगदी कधीही. ते हो म्हणाले. मग म्हणाले, "सॉरी हं मॅडम. तेव्हाच विचारायला हवं होतं मी." त्यांनी दोनदा माफी मागितली आणि फोन ठेवला.

ती फाइल तीनशे बारा ओळींची आहे. मी ती रोज सकाळी वरपासून खालपर्यंत वाचते. दुकानं नऊला उघडतात, आणि नऊपासून त्या हिशेबाची लेबलं निघायला लागतात. किती निघाली ते माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसत असतं. आज दुपारपर्यंत दोनशे सहा.